पिंजूला कोणाची शपथ घालायची?

दिवाळी सरली की अमरावतीच्या हवेत कापूस येतो. तो दिसतोच असं नाही. दारावरून ट्रक गेला की जरा वेळानं चहाच्या कपावर एक तंतू तरंगताना सापडतो, वाळत घातलेल्या पातळाला पांढरी लव चिकटते, आणि नांदगाव पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी तर अंगाला इतका कापूस अडकवून घेतात की बोंडं त्यांनाच आली असं वाटावं. मी शाळामास्तरीण होते. आता निवृत्त आहे, सकाळी कुठं जायचं नसतं. म्हणून या दिवसांत मी ओसरीत खुर्ची टाकून बसते आणि कुंपणाच्या भिंतीखालच्या बिळाकडे पाहत राहते.

त्या बिळात एक मुंगूस राहतं. परवा ते ऐन रस्त्यावरून आडवं गेलं आणि समोरचे गृहस्थ स्कूटर थांबवून, एक पाय जमिनीवर टेकवून त्याला रामाची शपथ घालू लागले. मुलाची मुलाखत होती त्यांच्या. आमच्या वऱ्हाडात असा समज आहे की कामाला निघताना मुंगसाचं तोंड दिसलं की काम फत्ते. पण मुंगूस कुठं उभं राहतं? ते पळत असतं आणि दिसते ती शेपूट. म्हणून त्याला तोंड दाखवायची रामाची शपथ घालायची, की ते थबकतं आणि वळून पाहतं. परवाचं मुंगूस काही थबकलं नाही. गृहस्थ हिरमुसले. मी म्हटलं, भाऊ, त्याला शपथ कळत नाही, त्याचं नाव ठाऊक असायला पाहिजे. बाईंचं वय झालं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटरला किक मारली.

वय झालंच आहे. पण मी सांगितलं ते खरं होतं.

मूर्तिजापूरहून छोट्या रुळांवरची गाडी निघायची, तिच्या वाटेवर आमचं गाव. बाबा त्या रुळांवर गँगमन होते. हातोडा खांद्यावर टाकून रूळ ठोकत ठोकत मैलोन् मैल चालायचे आणि दिवेलागणीला परतायचे. माय पाटलांच्या शेतात कापूस वेचायला जायची. ज्या हंगामाबद्दल मी लिहितेय, त्याच्या आदल्या वर्षी बाबा पांढरे कपडे घालून नागपूरला गेले होते आणि आमची अख्खी वस्ती बौद्ध झाली होती. घरातले देव नदीत गेले. भिंतीवर जिथं देव्हारा होता तिथं एक स्वच्छ चौकोन राहिला, आणि त्या चौकोनाकडे पाहून मायला बरेच दिवस चुकल्यासारखं वाटायचं. ती बोलायची नाही, फक्त सारवताना तेवढी जागा सोडून सारवायची.

त्याच वर्षी माझंही नाव बदललं. माझ्या आधीची माझी भावंडं जगली नव्हती, म्हणून माझं नाव उकर्डी ठेवलं होतं. उकिरड्यावर टाकलेली. असं नाव ठेवलं की मरण त्या लेकराकडे बघत नाही म्हणे. बाबांनी शाळेत जाऊन ते खोडायला लावलं आणि सुजाता लिहिलं. नाव मोठं सुरेख होतं. एवढीच अडचण होती की ते माझं आहे हे मला आठवायचं नाही. गुरुजी हजेरी घ्यायचे, सुजाता म्हणायचे, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. वर्गात हजर असून माझी गैरहजेरी लागायची. घरी बाबा सोडून सगळे मला उकर्डीच म्हणायचे. मायच्या जिभेला तर नवं नाव लागतच नव्हतं. बाबा रागवायचे, मग ती मला नावच न घेता हाक मारायची. ‘अवं’ एवढंच.

त्या वर्षी वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात नेहमीसारखं सीतादही झालं. पहिल्या बोंडांची पूजा करून दहीभाताचे घास शेतात शिंपायचे, ही आमच्याकडची रीत. माय दरवर्षी त्यात पुढं असायची. त्या वर्षी ती बाजूला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहिली. आपण आता हे करत नाही, म्हणून. पण बाजूला उभं राहून करायचं काय हे तिला कळेना, आणि ती नुसती उभी राहिली म्हणूनच तिला ते ऐकू आलं. बोराटीच्या झुडपाखाली कुणीतरी बारीक आवाजात कुरकुरत होतं. कुत्र्यांनी आईला मारलं असावं. बिळाच्या तोंडाशी मुंगसाचं एकच पिल्लू, डोळे नुकते उघडलेलं, पडलं होतं.

संध्याकाळी माय घरी आली आणि कमरेची ओटी सोडून माझ्यापुढं धरली. वेचणाऱ्या बाया पदराची ओटी करून तिच्यात कापूस भरतात. त्या ओटीत थोडा कापूस होता आणि त्या कापसात दोन तांबडे डोळे होते.  आजपर्यंत जगात खूप गोष्टी पाहिल्या, विमानात बसले, समुद्र पाहिला, पण त्या ओटीत वाकून पाहिलं तसं पुन्हा कशात वाकून पाहिलं नाही.

त्याला जगवायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मायनं कापसाची वात वळली, बकरीच्या दुधात बुडवली आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं ती आधी नाकात घालून घेतली, शिंकलं, आणि मग चोखू लागलं. पुढं दुधाची वात सुटली, अंड्याचा बलक आला, मग मी पकडून आणलेले नाकतोडे. नाकतोडे पकडण्यात मी त्या हंगामात इतकी पटाईत झाले की वस्तीतली पोरं मला भ्यायची. निजायला त्याला कापसाची टोपली दिली होती, पण त्याला आवडायची बाबांच्या जुन्या सदऱ्याची बाही. एका टोकानं शिरायचं आणि दुसऱ्या टोकातून नुसतं नाक बाहेर ठेवायचं. भोक दिसलं की त्यात शिरून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. भोक बिळाचं असो, बाहीचं असो, की झोपलेल्या माणसाच्या नाकाचं. बाबांचं नाक त्याला फार प्रिय होतं.

त्याचं नाव पिंजू. ते मी ठेवलं. घाबरला की तो अंगाचा एकेक केस उभा करायचा आणि दुप्पट व्हायचा, पिंजाऱ्यानं कापूस पिंजून ठेवावा तसा. छोटी गाडी शिट्टी मारत गेली की हमखास पिंजला जायचा. गाडी गेली की पुन्हा बारीक.

थंडी पडू लागल्यावर सकाळी मी त्याला मांडीवर घेऊन उन्हात बसायची. लांबून बघितलं तर मुंगूस मातकट दिसतं, कुणी त्याला देखणं म्हणणार नाही. जवळून बघितलं की कळतं, त्याच्या अंगावरचा एकही केस एका रंगाचा नाही. प्रत्येक केसावर काळा पट्टा, मग पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा. मी एक केस बोटांच्या चिमटीत धरून बघत राहायची. हे पट्टे कोणी काढले, आणि कोणी बघणार नसताना का काढले, हा प्रश्न मला त्या वयात पडला होता आणि त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. त्याच्या डोळ्यातली बाहुली आपल्यासारखी गोल नव्हती. आडवी होती, दार किलकिलं करून कुणी आतून बघावं तशी. आत कोण आहे हे काही दिसायचं नाही.

आणि त्याचं अंडं फोडणं. अंड्याला तो आधी हुंगायचा, पुढच्या पंजांनी कवटाळायचा, मग भिंतीकडे पाठ करून मागच्या दोन पायांमधून ते असं मागं भिरकवायचा की भिंतीवर आपटून फुटलंच पाहिजे. हे त्याला शिकवायला आई नव्हती. कुठलं दुसरं मुंगूस त्यानं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पहिलं अख्खं अंडं आम्ही गंमत म्हणून पुढं ठेवलं आणि त्यानं सरळ भिंतीकडे पाठ केली. बाबा भाकरीचा घास हातात धरून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, हे पोटातूनच शिकून आलं. त्यानंतर अंडं त्याला द्यायचं ते सगळे घरी असताना, असा नियमच झाला. एकट्यानं बघून संपवायची ती गोष्ट नव्हती.

सापाचं मात्र विचारू नका. मुंगूस पाळलंय म्हटल्यावर सगळे आधी तेच विचारत. एकदा अंगणात सापाचं दोरीएवढं एक बिनविषारी पिल्लू निघालं, तेव्हा पिंजू पिंजला, उंच झाला, दोन पायांवर उभा राहिला, आणि मग वळून धावत मायच्या पातळात शिरला. वस्ती पोट धरून हसली. मी कुणाशीच बोलले नाही दिवसभर.

पण गावाचं तसं नव्हतं. गावाला त्याच्या तोंडाशी काम होतं. कुणी अकोल्याच्या बाजारात कापूस घेऊन निघायचं, कुणी सोयरीक बघायला निघायचं, आणि वाट वाकडी करून आमच्या वस्तीशी बैलगाडी थांबवायचं. ज्यांच्या उंबऱ्यापाशी आम्ही कधी गेलो नाही ती माणसं आमच्या अंगणाबाहेर उभी राहून, मुंगसाचं तोंड दाखवा म्हणायची. मग सगळे मिळून त्याला रामाची शपथ घालायचे. पिंजू सदऱ्याच्या बाहीत निजून राहायचा. ते थकले की मी म्हणायची, पिंजू. लगेच बाहीतून नाक बाहेर यायचं, मग डोळे, आणि गाडीवान खूश होऊन बैलांना चुचकारायचा.

मला त्याचं आश्चर्य वाटायचं आणि थोडा मत्सरही. आणून महिना झाला नाही तोच त्याला आपलं नाव कळलं होतं. मला माझं नाव मिळून वर्ष झालं होतं, आणि अजून माझी गैरहजेरी लागत होती.

एके दिवशी शेजारच्या गंगूकाकूनं बाबांना कोड्यात पकडलं. ती स्वभावानं चेष्टेखोर. आता आपल्याला रामाची शपथ चालत नाही, मग मुंगसाले शपथ घालाची कोनाची, असं तिनं भर अंगणात विचारलं.    दुसऱ्या दिवशी बाबांनी दिवसभर रूळ ठोकता ठोकता तोच विचार केला असणार, कारण परत आले ते हातोडा खाली न ठेवताच काकूच्या दारात गेले.

“कोनाचीच नाई,” ते म्हणाले. “ज्याचं जे नाव हाये, त्या नावानं त्याले हाक मारा. तो वळते.”

काकू हसली. मायही हसली. बाबा हसले नाहीत.

उन्हाळ्यात पिंजू गेला. कसा गेला हे सांगण्यासारखं फार नाही. पळसाला फुलं आली तसा तो संध्याकाळी उशिरा परतू लागला, मग एखादा दिवस परतलाच नाही, मग धुऱ्यावर त्याच्याबरोबर दुसरं एक मुंगूस दिसलं. शेवटचा दिसला तेव्हा मी हाक मारली. तो वळला, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि बोराटीत शिरला. मी रडले नाही. वाईट वाटलं, पण आपलं काहीतरी हिरावून गेलं असं नाही वाटलं. तो त्याच्या घरी गेला होता. हिरावून जायची वेळ त्याच्या आधीच येऊन गेली होती, संक्रांतीच्या सुमाराला, आणि मला सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

पाटलांच्या घरी कापसाची खोली होती. हंगामाचा सगळा कापूस तिच्यात आढ्यापर्यंत भरलेला असायचा. त्या वर्षी तिथं कुणाला तरी साप दिसला, की दिसल्यासारखं वाटलं, आणि गडी आत जाईनात. पाटलांनी शेतात मायला सांगितलं की तुमचं मुंगूस चार दिवस आमच्याकडे पाठवा. मागणं वाईट शब्दांत केलं नव्हतं. पण ज्यांच्या शेतात हात चालतो त्यांनी मागितलं तर नाही कसं म्हणायचं हे मायला येत नव्हतं. बाबा तेव्हा लांबच्या कामावर होते. तिनं टोपली, सदरा आणि पिंजू नेऊन दिले. त्याचं नाव पिंजू आहे, असंही सांगितलं. पाटील हसले आणि मुंगसाला कसलं आलंय नाव असं म्हणाले. माय घरी येऊन चुलीपुढं बसली. मी जेवले नाही. तीही जेवली नाही. आम्ही दोघी एकमेकींवर रागावलो होतो आणि दोघींना दुसऱ्याच कुणावर तरी रागवायचं होतं.

चार दिवस झाले. मग पाटलांचा गडी वस्तीत आला आणि उकर्डीला लवकर पाठवा म्हणाला. मुंगूस कापसाच्या गंजीत शिरलं होतं ते बाहेरच आलं नव्हतं. दारात चांदीच्या वाटीत दूध ठेवलं, शपथा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. आता अकोल्याला जायच्या गाड्या दारात उभ्या होत्या, कापूस भरायचा होता. कापूस भरायचा म्हणजे गडी गंजीवर चढतात, पायांनी तुडवतात, दाबतात. आत काही जिवंत असेल तर ते राहत नाही.

मी धावत निघाले. माय मागून धावत आली.

पाटलांच्या फाटकाशी माय थांबली. सवयीनं थांबली. कापूस घेऊन ती रोज तिथपर्यंतच येत असे, तिथून पुढं गडी नेत. मीही थांबले. आतून पाटलांची आई, मोठ्या बाई, म्हणाल्या, ये पोरी, आत ये. मग मी पुढच्या दारानं त्या घरात गेले, चपला नव्हत्याच, आणि कापसाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

एवढा पांढरा रंग मी एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता. जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरं. आवाज नाही, तळ नाही, कडा नाही. आणि त्यातला प्रत्येक पुंजका कुणीतरी बोटानं बोंडातून ओढून काढलेला होता, त्यातले कितीतरी माझ्या मायनं. तिच्या बोटांना पडलेल्या भेगा मला ठाऊक होत्या. हे सगळं तिनं केलंय आणि हे तिनं कधी पाहिलेलं नाही, असं मनात आलं.  मागं पाटील, गडी, गाडीवान सगळे उभे होते.

मग मी म्हणाले, पिंजू.

काही हललं नाही. पुन्हा म्हणाले. दूध उतू जायच्या आधी साय हलते तसा लांब कोपऱ्यात, पार वर, कापूस हलला. ती हालचाल इकडे येऊ लागली. थांबली. पुन्हा निघाली. आणि माझ्या पायाशी कापूस फुटला आणि त्यातून एक पांढरं मुंगूस बाहेर आलं, मिशांना कापूस, पापण्यांना कापूस, नाकात कापूस. ते शिंकलं, माझ्या परकरावरून चढून खांद्यावर आलं आणि थरथरत माझ्या मानेत नाक खुपसून बसलं.  मोठ्या बाईंनी हात जोडले. कुणाला जोडले ते मला माहीत नाही.

मी त्याला घेऊन अंगणात आले, तेव्हा पाटलांनी डालं पुढं केलं, कोंबड्या झाकायचं. गाड्या भरून होईतो त्याला याच्यात ठेव म्हणाले, मग इथंच राहू दे, आमच्या घराला लाभलंय ते. सरळपणानं म्हणाले. मी डाल्याकडे पाहिलं. पिंजूची नखं माझ्या खांद्यात रुतली होती. माझे पाय जागचे हलेनात, पुढंही नाही, मागंही नाही.

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. आवाज मायचा होता, पण तो असा मोठा मी कधी ऐकला नव्हता.

“सुजाता, चाल. पिंजूले घेऊन घरी चाल.”

अंगणातली सगळी माणसं इकडंतिकडं बघू लागली. पाटलांनी गड्याकडे पाहिलं, गड्यानं गाडीवानाकडे. या नावाचं कुणी त्यांना ठाऊक नव्हतं.

“सुजाता कोन वं?” पाटलांनी विचारलं.

“माही पोरगी,” माय म्हणाली.

तोवर मी वळले होते. विचार करायच्या आधीच वळले होते. माय फाटकाच्या आत उभी होती, पदर खोचलेला, आणि माझ्याकडे बघत होती. मी चालत तिच्याकडे गेले. पाटलांनी डालं हळूच खाली ठेवलं. आम्ही तिघं रुळांच्या कडेनं घरी आलो.  छोटी गाडी शिट्टी मारत गेली आणि पिंजू माझ्या खांद्यावर पिंजला.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी झाली. गुरुजींनी नाव घेतलं, आणि मी हजर म्हणाले.